साखर वाढली म्हणून उकड्या तांदळाचं शीत (भात) सोडायचं का?

कुळागर:
नमस्कार मंडळी, सरळ मुद्द्यावर येतो. बाबांचा एचबीएवनसी ६.१ आलाय, उपाशीपोटीची साखर ११२. डॉक्टर म्हणाले गोळी आत्ता नको, जेवणाकडे लक्ष द्या, चाला, तीन महिन्यांनी परत बघू, आणि आम्ही उठता उठता "भात जरा कमी करा" म्हणाले. कमी म्हणजे किती ते राहूनच गेलं. घरी आल्यापासून जो येतो तो वेगळं सांगतो. भाचा जिमला जातो, त्याचं म्हणणं शीत पूर्ण बंद, चपाती पण नको. शेजारच्या काकी म्हणतात उकड्या तांदळाने काही होत नाही, सुरय (न उकडलेले) तेवढे टाळा. बाबा ६४ वर्षांचे, आयुष्यभर अकराला पेज, दुपारी आणि रात्री शीत-हुमण (माशाची आमटी), जेवल्यावर दोन तास आडवे. पूर्वी कुळागरात (सुपारीच्या बागेत) राबायचे, आता गुडघ्यांमुळे फारसे उतरत नाहीत. त्यांचं एकच, शीत बंद करणार असाल तर मला जेवायला हाक मारू नका.

तर उकडे खरंच वेगळे असतात का, पेजेचं काय करायचं, आणि ही दुपारची झोप चांगली की वाईट? ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी लिहा प्लीज. व्हिडिओच्या लिंका नकोत, त्या भाच्याने भरपूर पाठवल्यात.

भिरंड:
आमच्याकडे सेम टू सेम, फक्त बाबांच्या जागी सासूबाई. मी इथेच बसलेय, लिहा सगळे.

तेफळ:
भाचा बरोबर सांगतोय. साखर वाढते कशाने, कार्बने. मग कार्ब काढा. अंडी, मासे, चिकन, पनीर, भाज्या खा की हवं तेवढं. माझे मित्र कीटोवर गेले, वजन भराभर उतरलं, साखर पण उतरली. आपल्याकडे ताटात शीताचा डोंगर असतो आणि बाजूला बांगड्याचा एक तुकडा. लोकांना राग येतो पण कोणीतरी बोललं पाहिजे.

वायंगण:
राग नाही आला तेफळबाब, पण शेतकरी म्हणून थोडं बोलतो. माझे आजोबा आपल्या दुप्पट शीत जेवायचे आणि पोट पाठीला लागलेलं. कारण माणूस पहाटेपासून चिखलात वाकलेला असायचा, नांगरणी, लावणी, कापणी, मळणी, सगळं अंगमेहनतीचं. आज माझ्याकडे पॉवर टिलर आहे, कापणीला मशीन येतं, बाजारात जायला स्कूटर. काम गेलं आणि ताट तेवढंच राहिलं. दोष एकट्या तांदळाला देऊ नका एवढंच म्हणणं.

उकड्याचं विचारलंत म्हणून सांगतो, आमच्या घरी अजून थोडं भात (सालीसकट) घरीच उकडतो. आदल्या रात्री भिजत घालायचं, सकाळी भाणात (मोठ्या भांड्यात) थोड्या पाण्यावर चढवायचं आणि वरून ओलं पोतं झाकायचं. वाफ पोत्यातून फुटायला लागली आणि वरच्या दाण्यांची साल तोंड उघडायला लागली की उतरवायचं, जास्त ठेवलं तर लगदा होतो. मग अंगणात दाळीवर पसरून पायाने ओळी ओढत उलटत राहायचं. आई मधूनच एक दाणा उचलून दाताखाली धरते, कट्ट आवाज झाला की तयार, मग गिरणीला. ज्योतीचा तांदूळ असा करून फार न सडता ठेवला तर तांबडा राहतो, त्याची चव ज्याला लागली त्याला कोलम गोड लागत नाही.

तांबडी_भाजी:
वायंगण, भूक लागली वाचून.

सातेरी:
मी आरोग्य केंद्रात नर्स आहे, मधुमेहाच्या ओपीडीला बरीच वर्षं बसते, म्हणून जरा मोठं लिहिते.

आधी रिपोर्ट. एचबीएवनसी म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी. ५.७ च्या खाली नॉर्मल, ५.७ ते ६.४ प्रीडायबेटिस, ६.५ पासून पुढे डायबेटिस. तुमच्या बाबांचा ६.१ आणि उपाशीपोटी ११२, दोन्ही मधल्या पायरीवर आहेत, दोन्ही एकच गोष्ट सांगतायत. म्हणजे घाबरायची वेळ नाही आणि दुर्लक्ष करायची पण नाही, इथूनच माणूस मागे फिरू शकतो. एक लक्षात ठेवा, रक्त कमी असेल, लोह कमी असेल तर हा आकडा फसवा येऊ शकतो, तेव्हा हिमोग्लोबिन पण बघून घ्या.

गोव्यात हे किती आहे ते लोकांना माहीत नाही. आयसीएमआरचा देशभराचा मोठा अभ्यास २०२३ मध्ये लॅन्सेटच्या मधुमेहावरच्या नियतकालिकात आला, त्यात देशात ११.४ टक्के मोठ्या माणसांना डायबेटिस आणि गोव्यात २६.४ टक्के. सगळ्या राज्यांत आपण वर. म्हणजे चारातल्या एकाहून जास्त. ओपीडीच्या रांगेत मला ते रोज दिसतं.

आता तांदूळ. उकडताना आतला स्टार्च फुगतो आणि सुकताना परत घट्ट बसतो, म्हणून दाणा टणक होतो, शिजल्यावर सुटा राहतो आणि सुरयपेक्षा थोडा सावकाश पचतो. कोंड्यातलं बी-वन जीवनसत्त्व पण वाफेबरोबर दाण्यात शिरतं, ते सडल्यावरही बरंच टिकतं. तेव्हा काकींचं अर्धं खरं. अर्धं राहतं ते असं की शिजलेलं शीत कुठलंही घ्या, १०० ग्रॅममध्ये साधारण २८ ग्रॅम कार्ब असतात. आमटीची एक वाटी शीत म्हणजे १५० ग्रॅम धरा. आपल्याकडे दुपारच्या ताटात तीन वाट्या सहज बसतात, वर परत थोडं घेतात कढीबरोबर. उकडं असलं तरी ते सव्वाशे ग्रॅम कार्ब झाले एका बैठकीत. तांदूळ बदलून जेवढा फरक पडतो त्याहून जास्त फरक वाटी बदलून पडतो.

तेफळ यांना एक कळकळीने सांगते. कीटो सगळ्यांना सुचवू नका. जे ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेतात त्यांनी अचानक शीत बंद केलं आणि गोळी तीच ठेवली तर साखर ७० च्या खाली जाते, घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी, काही जण बेशुद्ध होऊन आणलेले मी पाहिलेत. आणि ज्यांना डापाग्लिफ्लोझिन किंवा त्या गटातली गोळी आहे त्यांनी कीटो केलं तर कीटोअॅसिडोसिस (रक्तात आम्ल साठणं) होऊ शकतो, तोही मीटरवर साखर फार वाढलेली न दिसता, म्हणून उशिरा लक्षात येतो. कुळागरबाबांच्या बाबांना गोळी नाही ते वेगळं, पण इथे वाचणाऱ्या कितीजणांना गोळ्या आहेत कोणाला ठाऊक. डॉक्टरला सांगितल्याशिवाय नाहीच करायचं.

भिरंड:
सातेरीबाय, सासूबाईंना ग्लिमेपिराइडच आहे!! एकादशीला पूर्ण उपास करतात आणि गोळी तरी घेतात. आता काय?

सातेरी:
भिरंड, आजच डॉक्टरला फोन करून उपासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं ते लिहून घ्या. आणि घरात सगळ्यांना माहीत असू दे, घाम-थरथर सुरू झाली की तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची, पंधरा मिनिटांनी परत तपासायचं, अजून ७० च्या खाली असेल तर परत द्यायची. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालायचं नाही, श्वासात जातं. सरळ १०८ ला फोन.

दर्यावर्दी:
जहाजावरून लिहितोय, नेट आलं की वाचतो. बी-वनचा विषय निघाला म्हणून. पूर्वी खलाशांना आणि पूर्वेकडच्या देशांत सडीक तांदूळ खाणाऱ्यांना बेरीबेरी व्हायचा, पाय बधिर, सूज, हृदय बंद पडून माणूस जायचा. जावा बेटावर आइकमान नावाच्या डच डॉक्टरच्या लक्षात आलं की हॉस्पिटलचा उरलेला पांढरा भात खाणाऱ्या कोंबड्या लुळ्या पडतात आणि न सडलेला तांदूळ घातला की उभ्या राहतात. १९२९ चं नोबेल मिळालं त्याला. म्हणजे आपल्या आज्यांनी भाणात जे केलं त्याने कितीतरी लोकांचे पाय वाचले. तांदळाला शिव्या घालताना हे पण आठवा.

तेफळ:
सातेरी, गोळ्यांचं म्हणणं मान्य, ते लोकांना कळलंच पाहिजे. पण मूळ मुद्दा सोडत नाही, प्रोटीन कमी पडतंय. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा हिशोब साधारण किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६५ किलोच्या माणसाला ५४ ग्रॅमच्या आसपास. पेज, शीत, बांगड्याचा एक तुकडा आणि संध्याकाळी चहा-बिस्किट यात ते येत नाही. आणि स्नायू हेच साखरेचं मोठं गोदाम. जेवणातली बरीचशी साखर स्नायू उचलतात. साठीनंतर स्नायू गळत जातात तसं गोदाम लहान होतं, मग साखर रक्तात फिरत राहते. म्हणून म्हाताऱ्या माणसांना फक्त चाला सांगून भागत नाही. जागतिक आरोग्य संघटना पण आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम आणि वर दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते, हा दुसरा भाग सगळे विसरतात.

कुळागर, गुडघे दुखतात म्हणालात ना. बाबांना जरा उंच, टेकू असलेल्या खुर्चीवरून हात न लावता उठायला आणि सावकाश बसायला सांगा. आठ-दहा वेळा, थोडं थांबून परत. दुखलं तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा. मांड्या धरल्या की गुडघ्यावरचा भार पण हलका होतो. माझ्याकडे येणाऱ्या वयस्कर लोकांना मी हेच पहिलं देतो.

काणकोणची_सून:
हे खूप छान लिहिलंत तेफळ. आमच्या घरी काय केलं ते सांगते, कारण कुळागर यांना "किती" हे हवंय. सासऱ्यांचं पण असंच, शीत नाही तर जेवण नाही. मी शीत बंद केलंच नाही, ताट वाढायचा क्रम बदलला. आधी तांबडी भाजी किंवा काकडी-मुळ्याची कोशिंबीर, मग नुस्तें (मासे) आणि अळसांद्यांचं (चवळीचं) किंवा मुगाचं तोणाक (रस्सा उसळ), आणि शीत सगळ्यात शेवटी एक भरलेली वाटी, मागितली तर अर्धी अजून. भाजी आणि मासे आधी पोटात गेले की जेवणानंतरची साखर कमी उसळते हे मला डाएटिशियननी सांगितलं होतं, आणि पोट भरलेलं असल्याने ते दुसऱ्यांदा मागायचे पण कमी झाले. सुरुवातीला पहिले काही दिवस कुरकुर झाली. मग मी ताटच लहान केलं, पूर्वीचं परातीएवढं होतं.

मासा तळलेला आठवड्यातून एक-दोनदा, बाकी वेळी बांगड्याचं उड्डामेथी किंवा तारल्यांचं तिखलें. हे तेलकट मासेच चांगले हृदयाला, आणि इसवणापेक्षा कितीतरी स्वस्त.

शापोराकाठ:
स्वस्त कुठे राहिलेत. परवा म्हापशाच्या बाजारात बांगड्याचा वाटा विचारला आणि पुढे निघालो. तरी इसवण-पापलेटपेक्षा बरं हे खरं.

तांबडी_भाजी:
आणि जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा काय करायचं ते पण बोला कोणीतरी. पुरुमेंताचं (पावसाळ्याच्या साठवणीचं) सामान भरताना खारे बांगडे, सुंगटं, गालमो सगळं येतं, मग दोन महिने किसमूर आणि खारं. माझ्या आईचं ब्लडप्रेशर दरवर्षी पावसातच वर जातं, आता कळलं का. दिवसाला मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी हवं, म्हणजे सपाट एक चमचा सगळं मिळून, आणि पेजेबरोबर मिठातला आंबा आणि खाऱ्याचा तुकडा असला की ते सकाळी अकरालाच संपतं. आता मी खारं रात्रभर पाण्यात ठेवते, पाणी दोनदा बदलते, मग करते. श्रावणात तर आम्ही शिवराकच (शाकाहारीच) असतो, तेव्हा कुळीथ, अळसांदे, वाल. त्यात प्रोटीन आणि फायबर दोन्ही, तेफळपण खूश.

तेफळ:
खूश आहे, खूश आहे. पण वाल-अळसांद्यांबरोबर परत शीत घेऊ नका तीन वाट्या :)

कुळागर:
एवढं सगळं एका दिवसात मिळेल असं वाटलं नव्हतं, देव बरें करूं सगळ्यांना. काणकोणच्या सुनेचा क्रम आईला वाचून दाखवला, तिला पटला. पेजेचं मात्र अजून कोणी बोललं नाही. आई म्हणते पेजेऐवजी नाचणीची आंबील देऊ, ती साखरेला चांगली म्हणतात ना?

सातेरी:
पेज वाईट अशी सरसकट म्हणू नका. एका वाडग्यात शीत थोडं आणि पाणी जास्त असतं, उन्हातून आलेल्या माणसाला तिच्यासारखं काही नाही. पण कण फार मऊ शिजलेले असतात, नुसती प्यायली तर पटकन पचते आणि साखर लवकर चढते. तेव्हा कण कमी, थोडे टचटचीत ठेवा, आणि तिच्याबरोबर उकडलेलं अंडं, उसळ किंवा आदल्या दिवशीचं हुमण असं काहीतरी. खारातला आंबा चवीपुरता.

नाचणीत कॅल्शियम भरपूर, फायबर पण आहे, पण ती पण धान्यच. आंबील किंवा तिझण पातळ करून गूळ घालून रोज भरपूर प्यायली तर साखर वाढणारच. नाचणीची भाकरी आंबीलेपेक्षा बरी, चावून खावी लागते. चपातीचं पण तेच. शीत सोडलं म्हणून चार चपात्या खाल्ल्या तर काहीच मिळवलं नाही, आणि हे मी रोज बघते.

शिळं शीत गार करून परत गरम केलं तर त्यातला थोडा स्टार्च पचायला जड होतो आणि साखर थोडी कमी चढते असं सांगतात. खरं आहे, पण फरक थोडाच, त्याच्या भरवशावर वाटी वाढवू नका. आणि आपल्या दमट हवेत रात्रभर शीत बाहेर ठेवू नका, त्यात बॅसिलस सेरियस नावाचे जंतू वाढतात, त्यांचं विष परत गरम करूनही जात नाही. लवकर गार करून फ्रिजमध्ये.

मोगरा_डिचोली:
पोईचं (कोंड्याच्या पावाचं) काय? आमच्याकडे सकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा वाजला की पोई येतेच. कोंड्याची म्हणून आम्ही ती डायबेटिसवाल्यांना देतो.

काणकोणची_सून:
फोडून बघा मोगरा. आत पांढरी शुभ्र असेल तर मैदा आहे आणि कोंडा नुसता वरून लावलाय. करड्या रंगाची, जरा जड, चावायला वेळ लागणारी असेल ती खरी. आमच्या पोदेराला विचारलं तर त्याने खरंखरं सांगितलं, पीठ अर्धं-अर्धं असतं म्हणून. एक पोई आणि वाटीभर उसळ, असं असेल तर नाश्ता चांगलाच आहे. हॉटेलातली पातळ भाजी, दोन पाव, वर एक मिरची भजी आणि गोड चहा याच्यापेक्षा किती बरा.

शापोराकाठ:
झोपेचा प्रश्न राहिला. माझं दुकान आहे, एक वाजता शटर खाली ते चारला वर. बाहेरून आलेले लोक हसतात की गोव्यात दुपारी काही मिळत नाही. पण सकाळी साडेपाचला उठणाऱ्या माणसाला, या उकाड्यात, दुपारची डुलकी लागतेच. माझ्या मते बाबांची झोप बंद करायला जाऊ नका, शीत पण कमी आणि झोप पण कमी, माणसाचं काय राहिलं.

रात्रपाळी_वेर्णा:
झोपेवर मला लिहायचंच होतं. वेर्ण्याला फार्मा कंपनीत आहे, पाळ्या बदलत्या. डुलकी वीस-तीस मिनिटांची असेल तर माणूस ताजा उठतो. त्याच्या पुढे गेली की गाढ झोपेत शिरतो आणि मग उठल्यावर अर्धा तास डोकं जड. दोन तास झोपलं की रात्रीची झोप पातळ होते, कारण दिवसभर मेंदूत झोपेचा जो भार साठायला हवा तो दुपारीच उतरतो. मग रात्री बारापर्यंत टीव्ही, मग काहीतरी खाणं. तीनच्या आधी, गजर लावून, आणि जेवल्या जेवल्या नाही.

आणि रात्रीची झोप आणि साखर यांचा थेट संबंध आहे. शिकागोत १९९९ मध्ये तरुण, निरोगी मुलांना सहा रात्री चारच तास झोपू दिलं होतं, त्यांचं शरीर साखर हाताळायला लक्षणीय कमी पडायला लागलं. सहा रात्रीत. आम्ही रात्रपाळीवाले तर वर्षानुवर्षं हे करतो, म्हणून माझ्या डिपार्टमेंटमध्ये चाळिशीच्या आत गोळ्या सुरू झालेले बरेच आहेत. कोणी यावर बोलत नाही, सगळे फक्त शीतावर बोलतात. मी आता पाळीला जायच्या आधी पोटभर जेवतो, रात्री दोनला कॅन्टीनचं बिर्याणी-फ्राइड राइस बंद, त्या वेळी अंडं, ताक, फळ. रात्री शरीर तेवढीच साखर दिवसाइतकी नीट निस्तरत नाही. सकाळी घरी येताना काळा चष्मा, खोलीला जाड पडदे, आणि बायको-मुलांनी फार सांभाळून घेतलंय, दुपारी बाराच्या आधी कोणी मिक्सर लावत नाही. चहा-कॉफी पण शेवटच्या अर्ध्या पाळीत नाही, कॅफीन अर्धं व्हायलाच पाच-सहा तास लागतात.

मोगरा_डिचोली:
रात्रपाळी यांनी लिहिलं म्हणून विचारते. आमचे हे रात्री आठ तास झोपतात, तरी दिवसा बसल्या जागी पेंगतात, गाडी चालवताना पण. घोरणं तर अख्ख्या वाड्याला ऐकू जातं. मधेच आवाज बंद होतो आणि मग एकदम दचकून श्वास घेतात. मला तर भीती वाटते.

सातेरी:
मोगरा, हे अंगावर काढू नका. झोपेत घसा बंद होऊन श्वास अडतो, त्याला स्लीप अॅप्निया म्हणतात. प्रत्येक वेळी मेंदू थोडा जागा होतो म्हणून आठ तास झोपूनही झोप होत नाही. सकाळी डोकं दुखणं, तोंड कोरडं पडणं, गोळ्या घेऊनही ब्लडप्रेशर न उतरणं, मान जाड असणं, ही बाकीची लक्षणं बघा. साखरेशी पण याचं नातं आहे. कान-नाक-घसा किंवा छातीच्या डॉक्टरकडे जा, ते स्लीप स्टडी सांगतील, रात्री यंत्रं लावून झोपायचं, दुखत नाही. निघालं तर सीपॅप नावाचं मशीन मिळतं, हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवतं, १९८१ पासून आहे. त्यांच्या शेजारी झोपलेल्या असताना फोनवर एक मिनिटाचा आवाज रेकॉर्ड करून न्या, डॉक्टरला लगेच कळतं. आणि तोपर्यंत लांबचं ड्रायव्हिंग त्यांना देऊ नका, हात जोडून सांगते.

दर्यावर्दी:
मोगराबाय, माझ्या चीफ इंजिनियरला हेच होतं, मशीन मिळाल्यावर माणूस बदलला. आणि संध्याकाळी दोन पेग फेणी घेऊन झोप छान लागते म्हणणाऱ्यांनी पण ऐका. लागते लवकर, पण पहाटे तीनला डोळे उघडतात आणि घोरणं दुप्पट. ज्यांना गोळ्या आहेत त्यांनी उपाशीपोटी तर नाहीच, साखर रात्री झोपेत उतरते.

वायंगण:
दोन दिवसांनी वाचलं, धागा कुठल्या कुठे गेला. कुळागर, बाबांचं काय झालं? झोप, पोई, फेणी सगळं आलं, शीताचं काय ठरलं?

कुळागर:
शीत चालू आहे. दुपारी आणि रात्री दीड-दीड वाटी, आधी भाजी आणि नुस्तें, बाबांना क्रम आवडला कारण मासा गरम खायला मिळतो म्हणतात. तांदूळ उकडेच. खुर्चीचा व्यायाम चहाच्या आधी करतात, आई मोजते आणि एखादा जास्तच करून घेते. जेवण झालं की आडवं व्हायच्या आधी पंधरा मिनिटं कुळागराच्या वरच्या वाटेने फेरी, तिथे सुपारीची सावली आहे, दुपारी पण ऊन लागत नाही. जेवल्यानंतर चाललं की स्नायू साखर तिथल्या तिथे ओढून घेतात हे मी त्यांना समजावलं, त्यांना ते लगेच पटलं, म्हणाले म्हणजे पूर्वी आम्ही जेवून परत कामाला उतरायचो तेच. झोप अजून तासाची आहे, ती कमी करायला ते तयार नाहीत आणि मी आत्ता आग्रह धरत नाही. रात्रीचं जेवण नऊवरून साडेसातला आणायचं आहे, ते अवघड जाणार, मालिका आड येते. तीन महिन्यांनी रिपोर्ट आला की इथे टाकतो, चांगला आला तरी आणि नाही आला तरी.

तेफळ:
दीड वाटी बसते. कंबर पण मोजा, बेंबीच्या रेषेत. आपल्याकडच्या पुरुषांना ९० सेंटीमीटरच्या आत हवी, बायकांना ८०. वजनकाट्यापेक्षा ती जास्त खरं सांगते. भाच्याला माझ्याकडून सांगा, मुलगा हुशार आहे, पण आजोबांचं जेवण आजोबांच्या पद्धतीने.

भिरंड:
डॉक्टरशी बोलले, उपासाच्या दिवशी गोळी नाही घ्यायची असं त्यांनी स्पष्ट लिहून दिलं, सासूबाईंना दाखवलं, ऐकलं त्यांनी. सातेरीबाय, एक शेवटचं. घरी मीटर आणलंय. काल दुपारी सासूबाईंची साखर २६० आली, आम्ही सगळे हादरलो, तासाभराने परत केली तर १४८. मीटर खराब आहे का?

सातेरी:
टोचायच्या आधी त्या काय करत होत्या?

भिरंड:
मानकुराद कापत होत्या, मुलांसाठी. स्वतः खाल्ला नाही म्हणतात.

सातेरी:
मग मीटर ठीक आहे. बोटाला आंब्याचा रस लागलेला असतो, तो रक्ताच्या थेंबात मिसळला की आकडा उगाच चढतो. नुसत्या सॅनिटायझरने पुसून पण जात नाही. साबणाने हात धुवायचे, पूर्ण कोरडे करायचे, मग बोटाच्या टोकाला मधोमध नाही तर कडेला टोचायचं, तिथे दुखतं कमी. पट्ट्यांची डबी दर वेळी लगेच घट्ट लावा, पावसात ओल शिरली की आकडे चुकतात. आणि एकदा तरी पुढच्या तपासणीला मीटर लॅबमध्ये घेऊन जा, त्याच वेळी दोन्हीकडे बघा, किती फरक येतो ते कळेल.

भिरंड:
डबी उघडीच असते फ्रिजवर. लावते आत्ताच.